सकपाळ कंट्रोलरची परवानगी

आमच्या शेजारचे सकपाळ काका कॉम्प्युटरवर काहीही करत नसत. कॉम्प्युटर काही करायला लागला की त्याला अडवत.

म्हणजे असं की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवायचा. अमुक नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊ पाहतो आहे, जाऊ देऊ का? खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. तुम्हीआम्ही असला चौकोन माशी हाकलावी तसा हाकलतो. काका चष्मा चढवायचे, खुर्ची पुढे ओढायचे, इंग्रजी नाव अक्षर अक्षर लावून वाचायचे आणि त्या चौकोनाला दरडावून विचारायचे, “कुठं निघालास? कोणाला विचारून? एन्ट्री केलीस काय?” चौकोन काय बोलणार! मग काका ‘नाही’ दाबायचे आणि मागे रेलून मला सांगायचे, “बघितलंत बाई? नाव नाय, गाव नाय, आणि निघाला बाहेर.”

असा अडवलेला प्रोग्रॅम एकदा खुद्द अँटिव्हायरसच निघाला. बिचारा नव्या व्हायरसांची माहिती आणायला बाहेर पडत होता. काकांनी त्याला महिनाभर घरात बसवून ठेवलं. मग माहिती शिळी झाली म्हणून पडद्यावर लाल इशारा आला, तेव्हा काकांनी शिव्या घातल्या त्यालाच. ‘कामचुकार’ म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मला माणसांचा पटकन राग येतो, हे आधीच सांगून टाकते. काकांच्या बाबतीत तर पहिला राग ओसरायच्या आत दुसरा हजर असायचा. मी महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर माझ्या घरी आला, एवढ्या भांडवलावर गल्लीनं मला तज्ज्ञ ठरवून टाकलं. कोणाचा माउस अडला, बोलवा बाईंना. कोणाचा प्रिंटर कागद खातोय, बोलवा बाईंना. बाईंना घर आहे, बाईंच्या गॅसवर दूध आहे, हे कोणाच्या गावी नाही. आणि सकपाळांकडचं बोलावणं दर रविवारी संध्याकाळी, ठरलेलं.

काका मूळचे पोलादपूरकडचे, उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. नोकरी मात्र सगळी महाड स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीमागे गेली. त्या खिडकीत नोंद झाल्याशिवाय एकही गाडी फलाटावरून हलत नसे. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना कंट्रोलर म्हणत, आणि निवृत्तीनंतरही गल्लीत तेच नाव चालू राहिलं. एकदा म्हणे महाबळेश्वरची गाडी त्यांनी ड्रायव्हरचे डोळे लाल दिसतात म्हणून रोखून धरली. ड्रायव्हर आईची शपथ घेऊन सांगत होता की डोळ्यांत धूळ गेली आहे. काका ऐकेनात. गाडीत एक नवरदेव होता. तो बाशिंग मांडीवर घेऊन फलाटावर बसून राहिला आणि तिकडे मुहूर्त टळला. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या आंबेनळी घाटात त्या दिवशी काहीही झालं नाही, सगळ्या गाड्या सुखरूप चढल्या. हे मी काकांना ऐकवलं तर उलट मलाच म्हणाले, “नाय झालं ना? का नाय झालं? गाडी सोडली नाय म्हणून.” या तर्कापुढे विज्ञानाच्या बाईनं काय बोलावं?

हा कॉम्प्युटर काकांनी घेतलेला नव्हता. त्यांचा मुलगा नंदू कॅनडात. तिथं त्याला मुलगी झाली. आजीला नात दिसावी म्हणून नंदूनं एका मित्राकरवी कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर बसवायचा कॅमेरा आणि महाडात नुकतंच आलेलं ब्रॉडबँड, असा सगळा सरंजाम घरात बसवून दिला. हेतू एवढाच की काकींनी खुर्चीत बसायचं आणि नातीला बघायचं. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण त्या मित्रानं निघताना उंबऱ्यात उभं राहून काकांना सांगितलं, “काका, इंटरनेटवरून कोणीपण आत शिरू शकतं बरं का. जरा लक्ष ठेवा.” झालं! पेपर तोंडावर घेऊन दिवसभर पेंगणारा माणूस ताडकन उठून बसला.

अँटिव्हायरस आणायला बाजारपेठेत मीच त्यांना घेऊन गेले. दुकानदारानं दोन खोकी पुढ्यात ठेवली. कोणीही शहाणा माणूस विचारेल की कॉम्प्युटर फार मंदावत नाही ना, माहिती आपोआप ताजी होते ना. काकांनी विचारलं, “हा झोपत नाय ना?” दुकानदार नाही म्हणाला. “आणि ह्याच्या हातून एखादा सुटला तर?” दुकानदारानं धंदा ओळखला. तो दुसऱ्या खोक्यावर हात ठेवून म्हणाला, “त्याला हा पकडतो.” काकांनी दोन्ही घेतली. वर एका मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरचा तिसराही घातला.

मी परोपरीनं सांगितलं. “काका, एका कॉम्प्युटरवर एकच अँटिव्हायरस ठेवायचा असतो. दोन पहारेकरी ठेवले की ते एकमेकांनाच चोर समजतात. एकानं पकडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला दिसतो, तो ओरडायला लागतो, आणि कॉम्प्युटर दोघांच्या भांडणात अडकून बसतो.”

“मग बरंच हाय की,” काका म्हणाले. “भांडतील तर जागे राहतील.”

परिणाम व्हायचा तोच झाला. काकी कॉम्प्युटरचं बटण दाबून भाताला आधण ठेवायच्या. भात व्हायचा, आमटीला फोडणी पडायची, तरी पडद्यावरचं घड्याळाचं चिन्ह फिरतच असायचं. दोन अँटिव्हायरस मी काढून टाकले, तर काकांनी पुन्हा घातले. मी पुन्हा काढले. शेवटी दुकानातल्या दोघांपैकी एक आणि परवानगी विचारणारा तो चौकोनवाला फायरवॉल, एवढ्यावर तह झाला, तोही काकी मध्ये पडल्या म्हणून.

खरं तर माझा राग एकट्या काकांवर नव्हता. ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांना कोणी जाब विचारायला नको का? खोक्यावर काय, तर कवटी आणि हाडं! मुदत संपत आली की रोज पडद्यावर लाल अक्षरं, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे.’ कसला धोका, कुठून धोका, काही सांगायचं नाही. नुसतं घाबरवायचं. ज्या माणसाला इंग्रजी अडखळत वाचता येतं त्यानं त्या लाल अक्षरांकडे बघून काय समजायचं? त्याला वाटतं, दारात दरोडेखोर उभे आहेत. आणि खरा चोर येतो तो मात्र गोड बोलून. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे, इथं दाबा, आम्ही फुकट साफ करतो! असल्या पाटीवर आमच्या गल्लीतल्या एका वकिलांनी दाबलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरची धर्मशाळा झाली. काकांना हीच पाटी दिसली तेव्हा ते म्हणाले, “तू कोण रे साफ करणारा? मी बोलावलं काय तुला?” आणि बंद केली. तेवढ्यापुरतं मला त्यांचं कौतुक वाटलं. पण काका ते फार वेळ टिकू द्यायचे नाहीत.

गणपतीला मुंबईची मंडळी आली. आमच्याकडे बाहेरून आलेल्या माणसानं पायावर पाणी घेतल्याशिवाय घरात यायचं नाही, ही रीतच आहे. सकपाळांच्या दारात काकी तांब्या घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी काका ताट घेऊन. पुतण्यानं पायावर पाणी घेतलं. काका म्हणाले, “आता खिशातलं काढ.” त्या पुतण्यानं आरत्यांची गाणी पेनड्राइव्हवर भरून आणली होती. ती काढून ताटात ठेवावी लागली. “मुंबयची हाय, कुठं कुठं लावली असशील,” असं म्हणत काकांनी ती आत नेली आणि तपासणीला लावली. तपासणी संपली तेव्हा दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होऊन मंडळी परतीची पिशवी भरत होती. आरत्या सगळ्यांनी तोंडानंच म्हटल्या. कशाला आणली मी ती पेनड्राइव्ह, असं पुतण्या जाताना मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं म्हणाला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण रविवार आला की मला हसू यायचं नाही.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे कॅनडात सकाळ असताना, नंदू कॉम्प्युटरवरून हाक मारायचा. काकी दुपारपासूनच तयारीला लागायच्या. चांगलं पातळ नेसायच्या, केसांत अबोलीचा वळेसर घालायच्या. नात कॅमेऱ्यातून बघणार, तिला आजी कशी दिसली पाहिजे! एकदा तर त्यांनी घावने केले आणि ताटली कॅमेऱ्याला दिसेल अशी ठेवली. मग पडद्यावर हाक यायची, तिच्या पाठोपाठ तो चौकोन यायचा, बाहेरून कोणीतरी जोडणी मागतंय, देऊ का? काका अक्षर अक्षर लावायचे. लावता लावता हाक बंद व्हायची. नाहीतर सरळ ‘नाही’ दाबलं जायचं. मग टेलिफोन वाजायचा आणि नंदू म्हणायचा, “आई, आज पण नाही गं लागलं.” काकी म्हणायच्या, “असू दे रे बाबा. पुढल्या रविवारी लागंल.” आणि अबोली काढून देवापुढे ठेवायच्या.

हे दर रविवारी. दर रविवारी! मी जाऊन त्या फायरवॉलमध्ये नंदूच्या प्रोग्रॅमपुढे कायमच्या परवानगीची हिरवी खूण करून यायची. पुढच्या रविवारी तिथं पुन्हा लाल फुली, म्हणजे परवानगी रद्द आणि पुन्हा तो चौकोन. मी दुकानदाराला भर बाजारात फैलावर घेतलं, की असला खोटा माल विकतोस? टेलिफोनच्या लाइनमनशी भांडले. फायरवॉल बनवणाऱ्यांना इंग्रजीत एक खरमरीत ईमेल पाठवली, तिला उत्तर आलं की आपलं समाधान हेच आमचं ध्येय. नंदूलाही फोनवर सुनावलं, की एवढा शिकलास, दोन बटणांचं काही सुटसुटीत पाठवता येत नाही का? पोर तिकडे ओरडा खाऊन गप्प बसलं.

आणि मग त्या रविवारी मी विरजण मागायला म्हणून लवकर गेले. दार उघडंच होतं. काकी स्वयंपाकघरात होत्या. काका कॉम्प्युटरसमोर पाठमोरे बसले होते. त्यांनी फायरवॉल उघडला, सरसर खाली गेले, नंदूच्या प्रोग्रॅमवर थांबले, हिरव्या खुणेवर दाबून लाल फुली केली आणि बंद केला. कुठं अडखळले नाहीत. एक अक्षर लावावं लागलं नाही. मी स्वतः इतक्या झटपट ते करू शकले नसते.

माझ्या हातातली वाटी मी टेबलावर आपटली.

“काका!” मी म्हटलं. “तुम्ही? इतके महिने तुम्ही हे करताय? मी गावभर भांडतेय, त्या दुकानदाराची अब्रू काढली, आणि तुम्ही इथं बसून आपल्या हातानं फुली मारताय?”

काका दचकले. पण शरमलेबिरमले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले.

“बसा बाई,” ते म्हणाले.

“मी बसणार नाही. आधी सांगा, का?”

“आमच्या वाडीत फोन नव्हता बाई,” काका म्हणाले. “माझी बहीण मुंबयला दिलेली. दर शिमग्याला यायची, पोरंबाळं घेऊन. यष्टीतनं उतरून वर वाडीपर्यंत चालत. एकदा आली नाय असं झालं नाय. मग खालच्या दुकानात फोन आला. आई बिचारी उतरून जायची आणि तिच्याशी बोलायची. पोटभर बोलायच्या दोघी. नातवंडं फोनवर आजी, आजी करायची. आम्हाला वाटलं, बरं झालं.” त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. “त्या शिमग्याला बहीण आली नाय. म्हणाली, परवाच तर बोललो. पुढल्या शिमग्यालापण नाय. आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा सगळी आली. आई एकेकाचा आवाज बरोबर ओळखायची. तोंडं नाय ओळखली.”

मी बसले.

“नंदूला आता पोरीचं तोंड आम्हाला दाखवायचं हाय. दाखवता येत नाय म्हणून त्याला रुखरुख लागलीय. फोनवर कळतं ना मला. ती रुखरुख हाय तोपर्यंत तो तिकीट काढेल. एकदा का इथं दिसली, खेळली, की झालं त्याचं. मग येतो कशाला तो?”

पण माझा राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर जास्तच आला, कारण आता तो नीट कोणावर काढताही येत नव्हता. “आणि काकी?” मी म्हटलं. “तुमची रुखरुख तुम्ही सांभाळा हवी तितकी. त्या दर रविवारी फुलं माळून बसतात, त्यांचं काय? सगळ्या महाडच्या गाड्या तुम्हाला विचारून सुटल्या. हा डबासुद्धा प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारून करतो. या घरात काकींना कोणी कधी काही विचारलंय का?”

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं.

“मला ठाऊक हाय ते,” काकी म्हणाल्या. हाताला पीठ लागलेलं, केसांत वळेसर. “पयल्यापासून ठाऊक हाय, बाई. पाठीमागनं दिसतो ना हात.”

“मग बोलला का नाहीत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“काय बोलू? वाटलं, असंल त्यांचं बरोबर. त्यांनी माणसं जाता-येताना बघितलीत, मी नाय बघितली. म्हटलं, येईल पोरगा.” त्या काकांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “पण अहो, नंदू काल फोनवर म्हणाला, ती रांगायला लागली. तो येईल तेव्हा ती चालत येईल. तिचं रांगणं मला कोण दाखवंल?”

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, फायरवॉल उघडला आणि फुली काढली. मग स्वतःची खुर्ची रिकामी करून तिच्यावरची उशी झटकली.

“बस तू,” ते काकींना म्हणाले.

काकींनी हात धुतले, पदर सारखा केला आणि बसल्या. हाक आली. मी ‘हो’ दाबलं. पडदा आधी काळा, मग करडा, मग त्यात कोणीतरी हललं. चित्र तुटत होतं, जुळत होतं, आणि मध्येच एक गोबरं तोंड इतकं जवळ आलं की पडद्यावर नुसता गाल राहिला. “अगो माझी बाय!” काकींनी किंचाळीच फोडली. “अगो, रांग गो, रांग! दाखव आजीला!”

मी वळून काकांना बोलावणार, तर ते जागेवर नव्हते. टेबलाच्या पलीकडे, भिंत आणि मॉनिटर यांच्यामधल्या बोळकांडीत, वायरींच्या गुंताड्यात ते जाऊन उभे होते. त्यांच्यासमोर मॉनिटरची पाठ होती, मोठी, धुळीनं माखलेली.

“अहो काका, इकडे या ना!” मी म्हटलं. “रांगतेय बघा!”

त्यांनी मान हलवली आणि मला गप्प राहायची खूण केली. “मी नाय बघत,” ते हळूच म्हणाले. “तिनं बघू दे. एकाचं तरी बघायचं राहिलं पाहिजे.”

पडद्यातून नंदू विचारत होता, “आई, बाबा कुठं आहेत? बाबांना बोलव ना.”

“हायत रे, हितंच हायत,” काकी म्हणाल्या, आणि त्यांनी मान वर करून मॉनिटरच्या वरून पलीकडे बघितलं.

स्पीकरमधून ती पोर खिदळली. काकांनी मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवला. जुने मॉनिटर मागून चांगले तापायचे, पण नंदू बोलत होता तोवर त्यांनी तो हात काढला नाही.